सातवा पट्टा

आमच्या तात्यांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, ठाम समज आहे की मी दिवसभर खोलीचं दार लावून कसलं तरी टायपिंग करते आणि एवढ्यासाठी पोरीला इंजिनियर करायची काही गरज नव्हती. गावात कुणी विचारलं तर सांगतात, "आमची ब्राह्मी व्हय? मेंढरांस्नी गळपट्टं करती." ऐकणारा हसतो, तात्याही हसतात. पण दिवाळीनंतर ऊस तुटून रान मोकळं झालं आणि अर्जुना धनगराची मेंढरं खतासाठी आमच्या रानात बसायला आली, की हेच तात्या बांधावर खुर्ची टाकतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून पट्टे दाखवतात. आमच्या पोरीनं केलंय म्हणून.

पट्टा म्हणजे काही फार अवघड भानगड नाही. मेंढराच्या गळ्यात बांधायचा कातडी पट्टा, त्याला काडेपेटीएवढी डबी. डबीत एक चिप आणि मानेचा प्रत्येक हिसका टिपणारा सेन्सर. हिसक्यांवरून चिप ठरवते की जनावर चालतंय, चरतंय, बसलंय की रवंथ करतंय. आजारी पडणारं मेंढरू आधी रवंथ सोडतं, म्हणजे धनगराच्या डोळ्याला दिसायच्या आत पट्ट्याला कळतं. शिवाय डबीत एक शिट्टी आहे. जनावर करवंदीच्या जाळीत अडकलं तर मी सांगलीजवळ घरी बसून बटण दाबते आणि तिकडं त्याच्या गळ्यात शिट्टी वाजते. पट्ट्याचा निरोप कोस-दीड कोस जातो, त्यापुढं नाही. अर्जुनाच्या बिऱ्हाडाच्या घोड्यावर एक पेटी बांधलेली असते, ती हे निरोप गोळा करते आणि मोबाइलच्या नेटवर्कवरून माझ्याकडं पाठवते. झालं. यात जादू नाही आणि मला जादूचं कौतुकही नाही.

दसरा झाल्यावर मी सात पट्टे घेऊन अर्जुनाच्या गावी गेले होते. जतच्या बाजूला, जिथं रस्त्याकडेला बाभळी सोडून काही उगवत नाही. सहा पट्टे मी स्वतः बांधले. सातवा चार्जिंगला होता. "आमी बांधतो की ताई, तुमी जावा, एस्टी चुकंल," असं अर्जुना म्हणाला आणि मी निघाले.

निघताना त्याची आई, धोंडुबाई, माझ्याबरोबर फाट्यापर्यंत आली. बाई सत्तरीच्या घरात, अंगानं काटकी, पण चालणं असं की मला मागं पळावं लागलं. मध्येच थांबून म्हणाली, "ह्यो बांधला की जनावर हरवत न्हाई?"

"नाही हरवत, मावशी. कुठंही असू दे, सापडतंय."

"आन माणूस?"

मी हसले. "माणसानं बांधून घेतला तर माणूसही सापडंल."

ती हसली नाही. मग मला आठवलं आणि जीभ चावली. तिचा थोरला, गुंडा, मागच्या वर्षी घाटात हरवला होता. ही माणसं दरवर्षी मेंढरं घेऊन पश्चिमेला जातात, कराड, पाटण, कोयनानगर करत घाटानं खाली कोकणात. घाटमाथ्यावर सकाळचं धुकं होतं. मागं राहिलेलं एक मेंढरू आणायला म्हणून गुंडा माघारी गेला. मेंढरू आलं, गुंडा आला नाही. पोलिसांनी, गावकऱ्यांनी दऱ्या पालथ्या घातल्या. अंगावरचं घोंगडंसुद्धा मिळालं नाही.

अर्जुनाला भावाचं तेरावं करून मोकळं व्हायचं होतं. भावकी बोलायला लागली होती. धोंडुबाईनं करू दिलं नाही. मेला म्हणून कुणी बघितलंय, एवढंच म्हणायची. शेवटी मायलेकांत ठरलं की यंदा घाटमाथ्यावर जाऊन तिनं एकदा डोळ्यांनी बघायचं. नाही घावला, तर तिथंच त्याच्या नावानं पाणी सोडायचं. हे सगळं मला ठाऊक होतं आणि तरी मी तिला 'सापडंल' म्हणून आले होते.

*

मेंढरं आमच्या रानात आली तेव्हा पट्ट्यांनी मला तोंडघशी पाडलं होतं. बॅटऱ्या बसत होत्या. जनावर बसून रवंथ करायला लागलं तरी पट्टा 'चालतंय' म्हणायचा. सातवा तर पहिल्या दिवसापासून मुका होता. तात्या बांधावरून म्हणाले, "त्यापरीस घुंगरू बांध."

दोष मला माहीत होता. चिपमध्ये दशांशाची गणितं करायला एक वेगळं यंत्र असतं. मागच्या वर्षीच्या स्वस्तातल्या चिपमध्ये ते नव्हतं, यंदाच्या चिपमध्ये होतं. पण प्रोग्राम जुनाच असल्यामुळं त्याला या यंत्राचा पत्ताच नव्हता. तो दशांशाचं प्रत्येक गणित पूर्णांकांची जुळवाजुळव करून लांबच्या वाटेनं सोडवत बसायचा. घरात मिक्सर असताना पाट्यावर चटणी वाटत बसल्यासारखं. पट्टा क्षणभर मानेकडं बघायचा, मग डोकं खाली घालून हिशेब करत राहायचा, आणि हिशेब सुटेपर्यंत मेंढरू भलतीकडं गेलेलं असायचं.

मग मी खोलीचं दार लावलं आणि ते काम हातात घेतलं. प्रोग्राम बनवणाऱ्या साधनाला सांगायचं की दशांश आता यंत्राकडं पाठव. उसना घेतलेला सगळा कोडही त्याच करारानं पुन्हा बनवायचा, नाहीतर एक जण आकडे एका दारात ठेवतो आणि दुसरा दुसऱ्या दारात शोधतो. आणि सगळ्यात पहिली गोष्ट म्हणजे त्या यंत्राला उठवायचं. चिप चालू झाली तरी ते आपोआप जागं होत नाही. न उठवता त्याला काम सांगितलं तर सगळी चिप जागच्या जागी आडवी होते. हे सगळं मी नीट केलं. माझ्या कामात मी ढिलाई करत नाही, हे सांगताना मला लाज वाटत नाही.

दुपारी बांधावर बसून नवा प्रोग्राम पट्ट्यांना पाठवला. सातही पट्ट्यांनी घेतला. हो, मुक्या सातव्यानंसुद्धा. पुढच्या क्षणाला पडद्यावर मेंढरं जिवंत झाली. पावलं, घास, मान हलवणं, कान झटकणं, एकूण एक. मी उठून नाचायचीच बाकी होते. तात्यांना लॅपटॉप दाखवला तर म्हणाले, "बरं दिसतंय," आणि आमच्या तात्यांच्या तोंडी हे म्हणजे आरतीच.

दुसऱ्या दिवशी मेंढरं पुढं निघाली. धोंडुबाई माझ्यापाशी आली, माझा हात हातात घेऊन नुसता दाबला आणि गेली. मला वाटलं, पाहुणचाराचे आभार मानतीय.

*

मेंढरं कराडच्या पुढं गेली तेव्हा मी सातव्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. तोवर सहांच्याच कौतुकात होते.

सातवा चरत नव्हता. रवंथही करत नव्हता. तो फक्त चालत होता, नाहीतर थांबलेला होता. आणि त्याच्या चालीचा आलेख मेंढराचा नव्हताच. चार पायांचं जनावर चाललं की आलेखावर दुहेरी वेण्या पडतात. इथं एकेरी ठोके होते. दोन पायांवर चालणाऱ्याचे. त्यातला एक लांब, दाबून टाकलेला, दुसरा आखूड आणि ओढल्यासारखा.

मी अर्जुनाला फोन लावला. "अर्जुना, पट्टा गळ्यात घालून कोण मिरवतंय रं तुमच्यात? सातवा?"

त्यानं आवाज खाली आणला. मग म्हणाला, "ताई, सातवा हितं न्हाई. त्यो आईनं देवाला दिला."

"देवाला दिला म्हणजे?"

"आमच्यात नवं काय बी आलं की एक बिरुबाला असतंय. पयलं कोकरू, पयली लोकर. आईनं सातवा पट्टा बिरुबाच्या लिंबाला बांधला. गुंडादादाच्या नावानं. तुमी रागावशीला म्हून बोललो न्हाई."

मी रागावलेच. "देवाला मेंढराचा पट्टा काय करायचाय? देव काय जाळीत अडकणाराय?" फोन ठेवला आणि गावी राहिलेल्या अर्जुनाच्या मावसभावाला, पप्पूला, फोटो काढून पाठवायला सांगितलं. तासाभरात फोटो आला. देवाच्या दगडामागं लिंबाचं झाड, फांदीला पट्टा, डबीवर भंडाऱ्याची बोटं. डबीवर माझ्याच हातचा आकडा, सात.

मला हसू आलं. वारा सुटला असेल, फांदी हलत असेल, आणि मी त्यात माणसं बघत बसले. मी चहा टाकायला उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन तशीच उभी राहिले.

पट्ट्याचा निरोप कोस-दीड कोस जातो. पट्टा जतकडं. पेटी कराडच्या पलीकडं, घोड्यावर.

*

मी घाबरले नाही. हे मला स्पष्ट सांगितलं पाहिजे. आम्ही जैन. आमच्यात जीव एका देहातून सुटला की तडक दुसऱ्या देहात जातो, मधे कुठं रेंगाळायची सोयच ठेवलेली नाही. भूतखेत हा आमचा विषय नव्हे. आणि मशीनचा विषय तर माझाच आहे. म्हणून मी कंबर कसली.

पहिली शंका अशी की, दोन डब्यांना एकच आकडा पडला असेल. प्रत्येक चिपला कारखान्यात जन्मताच एक क्रमांक मिळतो, जगात तसा दुसरा नसतो. तो तपासला. निरोप लिंबावरच्याच चिपचा होता.

दुसरी शंका खरी होती. दशांशाच्या यंत्राचे स्वतःचे कप्पे असतात, त्यात ते चालू हिशेबाचे आकडे ठेवतं. चिप एक काम अर्धवट सोडून दुसरं हातात घेते तेव्हा ते कप्पे जपून ठेवावे लागतात. नाही जपले, तर एकाचे आकडे दुसऱ्याच्या ताटात सांडतात. नवशिक्यांची ही हमखास चूक. मी म्हटलं, घावलं! पेटीतही हीच चिप आहे, तिथंच काहीतरी सांडतंय आणि सहांमधल्या कुणाची तरी चाल सातव्याच्या नावावर पडतीय.

मी कोड ओळ न् ओळ तपासला. कप्पे जपलेले होते. तरी तो भाग नव्यानं लिहिला. एक जादा पट्टा टेबलाला करकचून बांधला, दिवसभर चालवला. टेबल चाललं नाही. मग मी सगळ्यांना ताजा प्रोग्राम पाठवला. सातही पट्ट्यांनी घेतला आणि सातवा चालत राहिला.

शेवटी मी फक्त सातव्याला जुना प्रोग्राम पाठवला, लांबच्या वाटेनं गणित करणारा. तो तत्काळ मुका झाला. नवा पाठवला, यंत्र उठवलं, आणि माझा हात बटणावरून निघायच्या आत पडद्यावर पाऊल पडलं. लांब. मग आखूड. मग लांब.

प्रोग्राममध्ये चूक नव्हती. माझं दुःख तेच आहे. चूक असती तर मी काढली असती.

त्या दिवसापासून मी सातव्याच्या निरोपाचा जोर बघायला लागले. पट्टा पेटीच्या जितका जवळ, तितका जोर जास्त. कराडला तो कोसभर मागं असल्यासारखा होता. पाटणच्या अलीकडं दोन शेतं मागं. मेंढरं थांबली की तो थांबायचा, उठली की उठायचा. कधी पुढं गेला नाही. जवळ मात्र येत होता.

*

पाटण सोडल्यावर अर्जुनाचा फोन आला. मागं नदीचा आवाज होता.

"ताई, ते बंद करा."

"काय बंद करू?"

"जे काय तुमी चालू केलंय ते. मेंढरं मागं बघाया लागल्यात. चरता चरता मान वर करत्यात आन समदी एकाच अंगाला बघत्यात. कुत्रं म्होरं पळतंय, मागच्या अंगाला जाईना. मारलं तरी जाईना."

"मावशी कशा आहेत?"

"आई लय खुशीत हाय," अर्जुना म्हणाला. "सारखी मागंच चालती. एकटीच बोलती. ताई, मी भाऊ म्हून रडलोय त्येच्यासाठी. पर गेलेलं माणूस असं मागनं याया लागलं तर काय करायचं आमी?"

मी विचारायला नको होतं, पण विचारलं. "गुंडा लंगडत होता का रे?"

"डाव्या पायानं. ल्हानपणी घोड्यानं लाथ घातलेली." अर्जुना म्हणाला. "तुमाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही," मी म्हटलं, आणि तेव्हा मात्र मी घाबरले.

जुना प्रोग्राम सातव्याला पाठवला की विषय मिटत होता, एका बटणाचं काम. मला ते करवेना. माझ्या सात पट्ट्यांपैकी एक मला न समजणारं काहीतरी सांगत होता आणि मी त्याचं तोंड दाबून गप्प बसणार? तेही अर्जुनाच्या आईला न विचारता? मी गाडी काढली.

*

दुपार कलायच्या सुमाराला कोयनानगरच्या वरच्या अंगाला पोचले. रस्ता सोडून पायवाटेनं चढले. वर सडा आहे, सपाट काळा खडक, कडेनं कारवीची दाट जाळी आणि पलीकडं दरी. मेंढरं सड्यावर दाटीवाटीनं बसली होती. घोड्यावरचं बिऱ्हाड उतरवलेलं होतं, पेटी दगडावर ठेवलेली. ऊन होतं, पण कारवीतून धुक्याचा एक पदर हळूहळू वर सरकत होता.

अर्जुना माझ्याकडं धावत आला. चार दिवसांत तोंड पार उतरलं होतं त्याचं. धोंडुबाई कळपाच्या मागं, वाट जिथून सड्यावर येते तिथं, कारवीकडं तोंड करून बसली होती. तिनं हात वर करून मला बोलावलं. लग्नघरातली म्हातारी बोलावते तसं.

"आलीस व्हय लेकी? बरं झालं. हितंच गेलता त्यो."

मी लॅपटॉप उघडला. सातव्याच्या निरोपाचा जोर सहांएवढाच होता. तो थांबलेला होता.

"मावशी," मी खाली बसून म्हटलं, "माझं ऐका. तो पट्टा तुमच्या गावात आहे, लिंबाला. हे मशीन कुठंतरी चुकतंय. मला अजून सापडलं नाही, पण चुकतंय. मी आत्ता तुमच्या समोर दाखवते. मग तुम्ही आणि अर्जुना काय ते ठरवा."

"दाव की," ती म्हणाली.

माझी युक्ती सोपी होती. शिट्टी. पप्पूला व्हिडिओ कॉल लावला. तो लिंबाखालीच उभा होता, मीच सांगून ठेवलं होतं. पट्टा फांदीवरून सोडून त्यानं तळहातावर घेतला. सातचा आकडा स्वच्छ दिसत होता. मी बटण दाबणार, शिट्टी पप्पूच्या हातात वाजणार, इथं काही वाजणार नाही, आणि मायलेकांच्या डोक्यातलं भूत उतरणार. ती शिट्टी तिथंवर पोचणार कशी, याचा मी त्या क्षणी विचार केला नाही. निरोप येत होता, म्हणजे जाईलही, एवढंच डोक्यात होतं.

"पप्पू, नीट धर," मी म्हटलं आणि बटण दाबलं.

शिट्टी वाजली.

"ताई, वाजतंय!" पप्पू ओरडला. पट्टा त्याच्या हातातून पडता पडता राहिला. "हातात वाजतंय माझ्या!"

"बघा," मी अर्जुनाकडं वळून म्हटलं. माझा आवाज चढलेला होता, जिंकल्यासारखा. "तिकडं वाजतंय. जतला."

अर्जुना माझ्याकडं बघत नव्हता.

मेंढरं उभी राहिली होती. सगळी. एकाच बाजूला माना करून.

मी फोनचा आवाज बंद केला. पडद्यावर पप्पूचे ओठ हलत राहिले.

शिट्टी बंद झाली नाही.

ती कारवीतून येत होती. वीस-पंचवीस पावलांवरून. तीच, मी माझ्या हातानं बसवलेली, कानात सुई टोचल्यासारखी बारीक. धुक्याच्या पदराआडून.

"गुंडा?" धोंडुबाई म्हणाली.

ती उठली. गुडघ्याला हात न लावता, पोरीसारखी उठली.

"आई, जाऊ नगं!" अर्जुनानं तिचा पदर धरला. "आई, तिकडं दरी हाय! आवं ताई, बंद करा की! पाया पडतो तुमच्या, बंद करा!"

माझं बोट बटणावर होतं. दाबलं तर शिट्टी थांबणार होती. तिचा शोध तिथंच संपणार होता आणि संध्याकाळी गुंडाच्या नावानं पाणी सोडलं जाणार होतं. धोंडुबाईनं माझ्याकडं बघितलं. मला भीती वाटत होती, आणि तरी खरं सांगते, त्या बाईच्या डोळ्यांत भीतीचा कण नव्हता. तूच म्हणालीस ना सापडंल, असं ते बघणं होतं.

मी बोट उचललं.

तिनं अर्जुनाच्या हातातून पदर हळूच सोडवून घेतला आणि त्याच्या गालाला बोटं लावली. मग कारवीत शिरली. भराभर, तिच्या नेहमीच्या चालीनं. धुक्यानं आधी तिचं लुगडं झाकलं, मग डोकं.

शिट्टी वाजत होती. अर्जुना खाली बसून बिरुबाचं नाव घ्यायला लागला.

मग आतून तिचा आवाज आला. अगदी साधा, चुलीपुढून हाक मारावी तसा.

"बंद कर लेकी. घावला."

मी बटण दाबलं. पडद्यावर पप्पूनं दचकून हातातल्या पट्ट्याकडं बघितलं. कारवीतही शांत झालं. दरीतून येणारा वारा तेवढा ऐकू यायला लागला.

आम्ही दोघं बघत राहिलो. बराच वेळ. मी उठून आत जायला निघणार, इतक्यात जाळी हलली आणि धोंडुबाई बाहेर आली.

सावकाश. फाट्यापर्यंत मी या बाईमागं पळत गेले होते, अशी सावकाश चालताना मी तिला कधी बघितलं नव्हतं. एक पाऊल टाकायची, थांबायची, मग दुसरं टाकायची. तिचा उजवा हात कोपरातून वाकलेला होता, अंगापासून जरा लांब, भार तोलून धरल्यासारखा.

"अर्जुना, घोंगडं आंथर," ती म्हणाली. "लय चाललाय त्यो."

अर्जुना उठला. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण त्यानं बिऱ्हाडातलं घोंगडं काढलं, झटकलं आणि खडकावर पसरलं.

धोंडुबाई कळपात शिरली. तिला बघून मेंढरं बाजूला झाली, मुकाट, पुढच्यापासून मागच्यापर्यंत. तिच्या एकटीसाठी एवढी वाट लागत नव्हती.